ओंकारसाठी पाच सेकंद

माझ्या धाकट्या बहिणीला माझं सगळं माहीत असतं. बारावीला केमिस्ट्रीच्या पेपरात शेजारणीचं बघून लिहिलं होतं, तेही तिला माहीत आहे. पण हे नाही. आईला नाही, खोलीवरच्या मैत्रिणीला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. हे माझ्या तोंडून आजवर कोणासमोर बाहेर पडलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — जाऊ द्या. कारण शोधत बसले तर पुन्हा सांगायचं राहून जाईल, आणि तसं बऱ्याचदा झालं आहे.

आधी एक कबूल करून टाकते. मी डूख धरणारी बाई आहे. चौथीत एका मुलीने माझा कंपास बॉक्स मुद्दाम पाडून चेपवला होता, तर मी आठवीपर्यंत तिच्याशी बोलले नाही. आठवीत बोलले ते वर्गात कोण गप्पा मारतंय हे बाईंनी विचारलं तेव्हा, तिचं नाव सांगण्यापुरतं. राग आला की दहा आकडे मोजावेत असं म्हणतात. मी मोजते. दहाच्या पुढेही मोजत जाते. आई म्हणते, "सुंभ जळालं तरी पीळ जाणार न्हाई हिचा." खरं आहे तिचं.

आता कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नांदेडात आमची छोटी कंपनी आहे, बारा-तेरा माणसांची. आम्ही नगरपालिकांसाठी नळाच्या पाळीचं सॉफ्टवेअर बनवतो. आमच्याकडे पाणी रोज येत नाही हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे? कुठे चौथ्या दिवशी, कुठे आठव्या, कुठे दहाव्या. कोणत्या प्रभागाला कधी पाणी सुटणार त्याचा मेसेज आमच्या सॉफ्टवेअरमधून लोकांच्या मोबाइलवर जातो. चुकीचा मेसेज गेला की बाया कामधंदा सोडून नळापाशी बसून राहतात, किंवा पाणी येऊन जातं आणि घरात कोणी नसतं. म्हणून आमच्याकडे तपासणीला फार महत्त्व आहे. ती तपासणी माझ्याकडे आहे.

मी हाताने तपासत नाही. मी तपासणीची पाइपलाइन चालवते. कोणी डेव्हलपरने नवा कोड पाठवला, की ऑफिसच्या कोपऱ्यातल्या एका मशीनवर आपोआप कंटेनर उभे राहतात. कंटेनर म्हणजे बंद डबे समजा. एका डब्यात डेटाबेस, दुसऱ्यात मेसेज पाठवल्याचं नुसतं सोंग करणारी सेवा — खरा मेसेज लोकांना जाऊ नये म्हणून — आणि तिसऱ्यात टेस्ट, म्हणजे आम्ही लिहून ठेवलेल्या तपासण्या. टेस्ट चालल्या की सगळे डबे मोडून टाकायचे. पुढच्या वेळी पुन्हा नवे, कोरे. सगळं पास झालं तर पडद्यावर हिरवी खूण, एक जरी टेस्ट पडली तर लाल.

यात एक बारीक गोम आहे. डेटाबेसचा डबा लगेच उठतो, पण त्याच्या पोटात प्रभागांची यादी भरायला वेळ लागतो. एरवी दहा-पंधरा सेकंद, मशीनवर ताण असला तर तीस-पस्तीस. तेवढं थांबल्याशिवाय टेस्ट सुरू केल्या तर त्यांना प्रभागच सापडत नाहीत आणि त्या पडतात. कोड चांगला असला तरी पडतात. म्हणून मी थांबण्याची एक ओळ लिहून ठेवली होती. पंचेचाळीस सेकंद. हे सगळं मी स्वतः शिकले, तीन महिने डोळे फोडून. ऑफिसात दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

आता ओंकार. हे त्याचं खरं नाव नाही.

ओंकारला मी पहिल्यांदा पाहिलं ते ऑफिसात नाही, आमच्या घरी. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. वडील शेती करतात, चार माणसं सल्ला विचारायला येतील अशी. ओंकार मला बघायला आला होता. सोबत त्याची आई आणि मामा. वडील त्याचे लवकर गेलेले, नांदेडात मास्तर होते. मुलगा पुण्यात डेव्हलपर. मी साडी नेसून, डोक्यात मोगऱ्याचा गजरा माळून, पोह्याच्या बशा घेऊन आले. मान खाली. चष्मा काढून ठेव म्हणून चुलतीने बजावलं होतं, त्यामुळे मला समोरचं धड दिसतही नव्हतं.

त्याने विचारलं, तुम्ही नेमकं काय काम करता? आणि मी — मला अजून स्वतःचा राग येतो — मी खुलले. आमच्या घरात हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी त्याला कंटेनरचं सांगितलं, थांबण्याच्या ओळीचं सांगितलं, मान वर करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मामाकडे वळून म्हणाला, "म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायचं. डेव्हलपमेंट न्हाई." मामा म्हणाला, "म्हंजे पेपर तपासणाऱ्या मास्तरावानी. लिव्हायचं पोरांनी, लाल पेन हिचा." सगळे हसले. चुलता हसला, मध्यस्थ हसला. माझे वडीलही हसले. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसले असतील, पण हसले.

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलाला डेव्हलपर मुलगी पाहिजे, ही नुसती टेस्टिंगला आहे.

नकार देण्याचा त्याला हक्क होता. मीही दोघांना दिला होता, एकाला तर केवळ त्याच्या मिशा आवडल्या नाहीत म्हणून. नकाराचं मला काही नाही. पण ते "नुसती"! वर्षभर गावात ते माझ्या मागे होतं. लग्नात, बारशात, कुठेही गेलं की कोणीतरी विचारायचंच, "टेस्टिंग म्हंजी काय गं, त्या पोरानं तेच्यामुळंच न्हाई म्हनलं का?" मी हसून दाखवायचे. आणि मोजत जायचे.

दीड वर्षाने तो आमच्या ऑफिसात आला.

आमचे मालक, सगळे त्यांना सर म्हणतात, त्यांनी सकाळी ओळख करून दिली. हा ओंकार, पुण्याहून आलाय, आईच्या तब्येतीसाठी. आईच्या किडन्या गेल्यात, बुधवारी आणि शनिवारी दुपारी डायलिसिसला न्यावं लागतं, तेव्हा त्याला सूट आहे. सहा महिने त्याचं काम बघू आणि मग कायम करू. नांदेडात त्याच्या शिक्षणाचं काम देणारी आमच्यासारखी दुसरी जागा नव्हती. इथून गेला तर त्याला पुणं नाहीतर हैदराबाद गाठावं लागणार होतं, आईला एकटीला ठेवून. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही. ध्यानात ठेवा, मलाही.

तो प्रत्येकाला नमस्कार करत माझ्यापाशी आला. मी चष्म्यात, जीन्स-कुर्त्यात, केस खांद्यापर्यंत कापलेले. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. म्हणाला, "नमस्कार ताई."

ताई! मला पोह्याच्या बशीसकट विसरला होता तो. निदान मला तसं वाटलं. तुम्हीच सांगा, अपमान लक्षात ठेवणारा लक्षात ठेवतो आणि करणारा असा विसरून जातो, याहून मोठा अपमान कोणता?

पहिला महिना मी काही केलं नाही. खरंच नाही. त्याचे कोड यायचे, डबे उठायचे, हिरवी खूण उमटायची. तो चांगलं काम करायचा आणि काम करताना गुणगुणायचा. ते गुणगुणणं माझ्या डोक्यात जायचं.

आमच्या ऑफिसात एक रीत होती. सरांनीच गमतीत सुरू केलेली. ज्याच्या कोडने तपासणी लाल होईल, त्याच्या खुर्चीच्या पाठीला एक लाल रुमाल बांधायचा, पुन्हा हिरवं होईपर्यंत. बांधायचं काम पाइपलाइनवालीचं, म्हणजे माझं. सगळ्यांच्या खुर्चीला तो कधी ना कधी लागलेला. चेष्टा व्हायची, तासाभरात सुटायचा. ओंकारच्या खुर्चीला तो एकदाही लागला नव्हता. एक दिवस जेवताना सर म्हणाले, "बघा रे, ओंकारच्या खुर्चीची पाठ कशी कोरी हाय." आणि तो म्हणाला — हसत, सहज — "माझ्या कोडला ताईंची गरजच पडत नाही."

तो चेष्टा करत होता. ते मला तेव्हाही कळलं होतं.

बुधवार होता. तो दुपारी आईला घेऊन दवाखान्यात गेला होता. मी माझ्या जागेवर बसून ते केलं, जेवण झाल्यावर, भर उजेडात, आजूबाजूला चार माणसं बसलेली असताना. डबे उभे करणारी एक फाइल त्या कोपऱ्यातल्या मशीनवर असते. ती इतरांना दिसत नाही, तिचा पासवर्ड माझ्याकडेच. तिच्यात मी दोन ओळी वाढवल्या. कोड ओंकारचा असेल तर पंचेचाळीस नाही, पाचच सेकंद थांबायचं. बाकी सगळ्यांना पंचेचाळीस.

पाच का? शून्य का नाही? कारण शून्य केलं असतं तर त्याचं दर वेळी लाल झालं असतं आणि कोणालाही संशय आला असता. पाच सेकंद आणि पुढची जुळवाजुळव धरून मशीन मोकळं असेल तर यादी भरून व्हायची, हिरवं यायचं. मशीनवर ताण असेल तर लाल. कधी हिरवं, कधी लाल, कशाला कशाचा मेळ नाही. मी हिशेबाने पाच केलं होतं. रागाच्या भरात हात सुटला असं म्हणायला मला जागा नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास पहिलं लाल आलं. चार टेस्ट पडल्या होत्या. "प्रभाग सात सापडला नाही." मी उठले, ड्रॉवरमधून रुमाल काढला आणि त्याच्या खुर्चीला बांधला. नीट गाठ मारून. टाळ्या वाजल्या. तोही हसला आणि म्हणाला, "माझ्या मशीनवर तर चालतंय." झालं! हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्यातलं नाचता येईना अंगण वाकडं. जो तो पोट धरून हसला. मीही हसले. माझ्या वडिलांसारखी.

पुढचे चार महिने मी काय काय पाहिलं, सांगू? पहिल्या पंधरा दिवसांत त्याचं गुणगुणणं थांबलं. महिन्यात तो डबा घेऊन सगळ्यांत बसेनासा झाला. साधा बदल असला तरी पाच-पाच वेळा वाचायचा, शेजारच्याला दाखवायचा, मग पाठवायचा. आणि पाठवण्याचं बटण दाबायच्या आधी डोळे मिटायचा. क्षणभरच. मी माझ्या जागेवरून ते बघायचे. वाईट वाटायचं का? नाही हो. मला गोड वाटायचं. दिवसभर मी त्या क्षणाची वाट बघायचे.

रुमाल त्याच्या खुर्चीवरच राहू लागला. सोडून पुन्हा बांधायचा कंटाळा म्हणून. मग त्याची चेष्टाही कोणी करेना, ते तर आणखी वाईट.

एकदा तो अगदी जवळ आला होता. वही घेऊन माझ्या टेबलापाशी आला. वहीत त्याने पडलेल्या सगळ्या टेस्ट लिहून काढल्या होत्या. म्हणाला, "ताई, एक बघा ना. दर वेळी सुरुवातीच्याच टेस्ट पडायल्यात. नंतरची एकही पडत न्हाई. यादी भरायच्या आधीच टेस्ट सुरू होत असतील का?"

इतकी वर्षं हे काम करते आहे, पण बाहेरून इतकं नेमकं बोट कोणी ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्याला खुर्ची दिली. सगळ्यांना दिसणारी दुसरी फाइल उघडली आणि ती ओळ दाखवली. पंचेचाळीस सेकंद, हे बघा. बाकी सगळ्यांचं हिरवं येतंय, हेही बघा. त्याने दोन्ही पाहिलं. "हाव, मग माझंच काहीतरी असंल," म्हणाला आणि वही मिटली. मला म्हणाला, "तुम्ही येवढा वेळ दिलात, थँक्यू ताई." त्याच दुपारी मी त्याच्या टेस्टचा क्रम दर वेळी वेगळा लागेल असं करून टाकलं. म्हणजे आता दर वेळी वेगळ्याच टेस्ट पडणार, आणि त्याच्या वहीत काही मेळ लागणार नव्हता.

आणखी एक. हे लिहिताना हात अडतो आहे. पाचव्या महिन्यात त्याने एक मोठं काम केलं. पाळी अचानक बदलली तर साऱ्या प्रभागाला त्रास न देता फक्त त्या नळाच्या लाइनीवरच्या घरांना मेसेज जाईल, असं. मी तो कोड घेतला आणि माझ्या नावाने चालवला, पूर्ण पंचेचाळीस सेकंद देऊन. मला खात्री करून घ्यायची होती — कशाची? तो खरंच चांगला आहे का याची? एकही टेस्ट पडली नाही. इतका नीटस कोड त्या ऑफिसात मी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मी तो पडदा बंद केला. थोड्या वेळाने त्याने तोच कोड पाठवला, तो लाल आला, आणि मी काही बोलले नाही.

सहावा महिना संपत आला तेव्हा सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर भला माणूस. म्हणाले, "सारिका, तू खरं सांग. पाइपलाइनचं काही न्हाई ना? पोराच्या नोकरीचा प्रश्न हाय. त्याची आई हितं हाय." एवढं सरळ विचारलं त्यांनी. मी म्हणाले, "पाइपलाइन सगळ्यांना सारखीच आहे, सर." सरांनी मान हलवली. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. दुसऱ्या दिवशी ओंकारला सांगितलं की महिनाअखेरीनंतर येऊ नका.

त्याच्या शेवटच्या दिवशी मी पाण्याच्या कूलरपाशी बाटली भरत होते. तो आला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्हाला वाटत असंल मी ओळखलो न्हाई. पहिल्याच दिवशी ओळखलो होतो. लाज वाटली म्हणून बोललो न्हाई." तो म्हणाला, "तुमच्या घरी मी जे बोललो ते लई चुकीचं होतं. तुमच्या वडलांसमोर बोललो. ह्या सहा महिन्यांत कळालं तपासणाऱ्याचं काम काय असतंय. माफ करा."

बाटली भरून वाहत होती. आणि मी काय म्हणाले, ऐका. मी म्हणाले, "जाऊ द्या हो. झालं गेलं." मी त्याला माफ केलं! मी! मोठ्या मनाने, मान तिरकी करून. तो गेल्यावर अर्ध्या तासात मी त्या दोन ओळी पुसून टाकल्या. त्या कधी होत्या याचा आता कुठे मागमूसही नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. इथवरचं कधीतरी, कोणाला तरी, मी सांगूही शकले असते — सुडाची गोष्ट म्हणून. त्याने अपमान केला होता, मी उट्टं काढलं, त्याने माफी मागितली. फिटंफाट. ऐकणारा म्हणाला असता, जरा जास्तच केलंस बाई, पण त्याचंही चुकलंच होतं. हो की नाही? मी तुम्हालाही आतापर्यंत तशीच सांगत आले, तुमच्या लक्षात आलं असेल. जे सांगायचं आहे ते याच्या पुढे आहे.

ओंकार हैदराबादला गेला. तिथे त्याला कोड लिहायचं काम मिळालं नाही, की त्यानेच मागितलं नाही, कोण जाणे. कोणत्यातरी कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी लिहून घेतो असं ऑफिसात कानावर आलं. दोन महिने गेले. माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीला डेंगू झाला, तिला दवाखान्यात ठेवलं होतं. दुपारी मी तिला डबा द्यायला गेले. परत येताना व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. दंडाला पट्टी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलची बाटली. डायलिसिस आटोपून बसल्या होत्या, उठायची ताकद यावी म्हणून. मी ओळखलं. मी पुढे निघून जात होते, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "तू सारिका न्हवं का गं?"

या बाईंबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी आमच्या घरी सगळे हसले तेव्हा त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हटलं होतं, "पोहे लई छान झालेत बाई." ते मी विसरले नव्हते. मी काहीच विसरत नाही, सांगितलं ना.

त्यांनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, ओंकार घरी तुझंच सांगायचा, ताई लई मदत करत्यात म्हणायचा. मग माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

"येक विचारू का? खरं सांगशील? तू तर तेचं समदं काम बघितलीस." त्या दम खात बोलत होत्या. "तेला खरंच येत नव्हतं का गं? पहिल्या नंबरानं पास झालेलं लेकरू माझं. पुण्यात कुणी नाव ठेवलं न्हाई. मला वाटतंय कुणीतरी तेचं वाईट केलंय. हितं सुया टोचल्या की दर वेळी मी तेला शिव्याशाप देते, ज्यानं केलं आसंल तेला. ओंकार म्हणतो, आई, कुणी काही केलं न्हाई, मलाच येत न्हाई. पर माझं मन मानत न्हाई बघ."

अख्ख्या नांदेडात एक माणूस होतं, ज्याला खरं काय ते न बघता, न शिकता कळलं होतं. ते माझा हात धरून बसलं होतं आणि मलाच विचारत होतं.

या बाईंचा माझ्यावर कसलाही राग नव्हता. मला त्यांच्यावर काही उट्टं काढायचं नव्हतं. ओंकारने माफी मागून झाली होती. माझी नोकरीही जाणार नव्हती, त्या कोणाला सांगणार होत्या? "पोरगा हुशार आहे मावशी, मशीनमध्येच खोट होती" — एवढं म्हणून पुढे गेले असते तरी चाललं असतं. माझं नावही आलं नसतं. मला हे सगळं त्या बाकावर बसल्या बसल्या सुचलं होतं. आणि सोबत शिव्याशाप हा शब्द ऐकून माझ्या आत एक तिडीक उठली. मला शाप देते? मला?

मी म्हणाले, "न्हाई मावशी. कुणी काही केलेलं न्हाई. त्याला येतच नव्हतं." आणि पुढे, कोणी विचारलं नसताना म्हणाले, "मी लई समजावून बघितलं."

त्यांनी माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "आसं व्हय. बरं झालं बाई तू खरं सांगितलीस." पिशवीतून फोन काढून त्यांनी तिथेच हैदराबादला लावला. मला सगळं ऐकू येत होतं. "ओंकार, सारिका भेटली हितं. हां, तीच. तिला विचारले मी... तू म्हणतोस तेच खरं हाय बाबा. तू सोमवारी कुठं त्या कोडच्या इंटरव्ह्यूला जाणार होतास न्हवं, मीच मागं लागले होते... जाऊ नको. उगं परत मनाला लावून घेशील. हाय ते काम कर." पलीकडून तो काय बोलला ते कळलं नाही. फार काही बोलला नसावा.

फोन चालू होता तोवर मी तो त्यांच्या हातातून घेऊ शकत होते. मी त्यांची पिशवी घेतली. त्यांना दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या, रिक्षात बसवलं. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर मला काय वाटलं, ते लिहायचं राहिलं आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं असं लिहिलं असतं तर तुम्हालाही जरा बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. त्या दुपारी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून मला जिंकल्यासारखं वाटलं.